नळ पाचव्या दिवशी, बिल मात्र तीन हजारांचं

आत्याच्या हातात बिल होतं आणि चष्मा कपाळावर चढवलेला. "तू शिकलेला हायस ना, मंग सांग," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी नळ येतेत, ते बी तासभर. एवढं पाणी पिलं कुणी? हौदानं का काय?"

बिल ३,२७५ रुपयांचं होतं. त्याआधीची पाच बिलं काढून बघितली. प्रत्येक १९५ रुपयांचं, आणि पाचही तिनं वेळेवर भरलेली. घरात माणसं तीच पाच, नळ तोच एक. लग्न नाही, बांधकाम नाही, म्हैस नाही. दर गावागावाचे वेगळे असतात, म्हणून इथले आकडे हिशोब कळावा इतपत गोल केलेत, पण भानगड जशी झाली तशीच सांगतो. शेवटी त्यात दोन्हीकडची चूक निघाली. कार्यालयाची मोठी, आत्याच्या घराची लहान.

पाण्याचं बिल वाढलं की काय करायचं, यावरचा पहिला सल्ला ठरलेला असतो. घरातले सगळे नळ बंद करा, मीटरपाशी जा आणि काटा फिरतोय का बघा. फिरत असेल तर गळती आहे. सल्ला चांगलाच आहे, पण तो चोवीस तास पाणी असणाऱ्या गावांचा. आपल्या मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत नळ दोन, चार, उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांनी येतात. मधल्या दिवसांत मीटर तसंही मेल्यासारखंच पडलेलं असतं. हौदाला चाळणीसारखी भोकं पडली तरी त्या दिवशी काटा हलणार नाही, कारण लाइनीतच पाणी नाही.

म्हणून आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायची. आपल्याकडचं मीटर आपण किती पाणी वापरलं हे मोजत नाही. नळ आले त्या दिवशी हौदात किती जागा रिकामी होती, ते मोजतं. ती जागा अंघोळीनं रिकामी झाली, भांड्यांनी झाली की भेगेतून झाली, मीटरला काय कळणार! हे डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

त्याच्याही आधी बघायचं, की तुमच्या नळाला मीटर आहे का. हसू नका. अनेक गावांत नळपट्टी ठोक असते. वर्षाला अमुक रुपये, मग पाणी रोज येवो की आठवड्यानं. छत्रपती संभाजीनगरात अर्ध्या इंचाच्या घरगुती नळाला वर्षाला ४,०५० रुपये होते. पाणी येत नाही आणि पट्टी मात्र पूर्ण, अशी बोंब झाली आणि २०२२ मध्ये ती निम्मी म्हणजे २,०२५ झाली. अशा ठिकाणी बिल वाढलं म्हणून प्लंबरला बोलावणं म्हणजे दात दुखतो म्हणून गुडघा दाखवणं. तुमचा नळ रात्रंदिवस गळला तरी ठोक बिलात एक रुपया वाढत नाही. तिथं दुखणं कागदात असतं आणि कागदच वाचावा लागतो.

ठोक बिलात सगळ्यात जास्त घोळ घालते ती थकबाकी. "मागील मागणी" आणि "चालू मागणी" असे दोन रकाने असतात आणि आपण बघतो ती शेवटची बेरीज. शहरांत थकीत रकमेवर बहुधा दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला ते २४ टक्के झालं. २,०२५ रुपये वर्षभर राहिले तर वर ४८६ रुपये नुसती शास्ती. काही वेळा ही थकबाकी तुमचीसुद्धा नसते. घर विकत घेताना आधीच्या मालकाची नळपट्टी बाकी आहे का, हे विचारायचं राहून जातं आणि ती घरामागं चालत येते.

दुसरा घोळ बंद नळाचा. भावाभावांत वाटणी झाली, एक नळ नको म्हणून मिस्त्रीनं पाइपाला डट्टा मारला, विषय संपला. कार्यालयात मात्र तो नळ जिवंतच असतो. नळ बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन जोडणी रीतसर तोडून घेतली नाही, तर डट्टा मारलेल्या नळाचंही बिल दरवर्षी निघत राहतं. तिसरा घोळ नळाच्या मापाचा आणि प्रकाराचा. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच असे दर चढत जातात, आणि घरगुती व व्यावसायिक यांत तर फारच फरक असतो. एक इंची पाइपाचं तोंड अर्ध्या इंचाच्या दुप्पट दिसत असलं तरी त्यातून पाणी जायची जागा चौपट असते, म्हणून दराची उडीही मोठी. समोरच्या खोलीत कधीकाळी पिठाची गिरणी होती आणि नोंद अजून "व्यावसायिक" आहे, अशी घरं प्रत्येक गल्लीत एखादं तरी निघेल. ग्रामपंचायतीत सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार असतात. घरात स्वतंत्र नळ असणाऱ्याला विशेष लागते. दोन्ही लावल्या असतील तर विचारायला हरकत नाही.

आता मीटरवाल्यांकडं येऊ. आत्याकडं मीटर होतं.

मीटरच्या तोंडावर काळे आकडे असतात आणि शेजारी लाल आकडे किंवा लाल काटे. काळे आकडे म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, आणि बिलावरचं एक युनिट बहुधा हेच. लाल म्हणजे हजार लिटरच्या आतला सुट्टा हिशोब. शेकडे, दहाचे, एकाचे लिटर. वाचन घेणाऱ्यानं घाईत लाल आकडासुद्धा काळ्याला चिकटवून लिहिला, तर ४८७ चे ४,८७३ होतात आणि बिल बघून माणूस खाली बसतो. अशी चूक ओळखायला सोपी असते. बिलावरचं "चालू वाचन" आणि मीटरवरचा आजचा काळा आकडा समोरासमोर ठेवायचा. बिलावरचा आकडा आजच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर चूक वाचणाऱ्याची. मीटर पुढंच जातं, मागं येत नाही.

आत्याच्या बिलावर वाचन बरोबर होतं. खोट दुसरीकडं होती. मागच्या पाचही बिलांवर वाचनाच्या रकान्यात बारीक अक्षरात "सरासरी" छापलेलं होतं. म्हणजे पाच महिने कुणी मीटर बघायला आलंच नव्हतं. अंदाजे १८ युनिट धरून १९५ रुपये लावत गेले. सहाव्या महिन्यात माणूस आला, त्यानं खरं वाचन घेतलं, आणि सहा महिन्यांचा फरक निघाला १४४ युनिट. संगणकानं ते १४४ युनिट एकाच महिन्याचे समजून बिल छापलं.

इथं टप्प्यांचा दर कळायला हवा. पाण्याचा दर विजेसारखाच चढत जातो. समजा पहिल्या १५ युनिटांना १० रुपये, पुढच्या १० युनिटांना १५ रुपये आणि २५ च्या वर प्रत्येक युनिटाला २५ रुपये. महिन्याला १८ युनिट वापरणाऱ्याचे १५० अधिक ४५, म्हणजे १९५ रुपये. हेच आत्याचं नेहमीचं बिल. आता १४४ युनिट एका महिन्यात घातले की पहिल्या १५ चे १५०, पुढच्या १० चे १५०, आणि उरलेले ११९ युनिट सगळे वरच्या दरात, त्याचे २,९७५. एकूण ३,२७५. आत्याच्या बिलाचा आकडा नेमका हाच.

खरा हिशोब असा व्हायला हवा होता. १४४ भागिले सहा, म्हणजे महिन्याला २४ युनिट. २४ युनिटांचे १५० अधिक १३५, म्हणजे २८५ रुपये. सहा महिन्यांचे १,७१०. त्यातून आत्यानं सरासरीपोटी आधीच भरलेले पाच बिलांचे ९७५ वजा केले की उरले ७३५. म्हणजे ३,२७५ च्या जागी ७३५. पाणी तेवढंच, मीटर तेच, नुसता भागाकार राहून गेला होता.

माझा अनुभव असा, की एकदम फुगलेल्या बिलाचं कारण शोधायला निघालं तर आधी "सरासरी" हा शब्द शोधावा. त्याच्याच भावकीतले "मीटर बंद", "घर बंद", "वाचन उपलब्ध नाही" हे शेरेही असतात. दारात चारचाकी उभी असते, मीटर तिच्याखाली असतं, किंवा मीटरच्या खड्ड्यावर कुणीतरी फरशी टाकलेली असते. वाचणारा येतो, बघतो आणि सरासरी लिहून पुढं जातो. त्यात त्याचीच सगळी चूक असते असंही नाही.

मी हा हिशोब वहीत मांडून दाखवला तेव्हा आत्याचं समाधान झालं, माझं झालं नाही. महिन्याला १८ च्या जागी २४ युनिट का? सहा युनिट म्हणजे सहा हजार लिटर. पाच माणसांचं घर. नियोजनासाठी शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्या हिशोबानं पाच माणसांना महिन्याला वीस युनिटं. जुने १८ युनिट म्हणजे माणशी १२० लिटर, हे अगदी बसतं. २४ बसत नव्हतं. सरासरीचा १८ हा आकडा कार्यालयानं आधीच्या खऱ्या वाचनावरूनच काढलेला असणार, म्हणजे मधल्या सहा महिन्यांत घरात काहीतरी बिघडलं होतं.

मीटर पळतंय, असा संशय सगळ्यांना पहिल्यांदा येतो. आत्याच्या शेजारच्या काकांनी तर ठामच सांगितलं, मीटर जोरात आहे. साधं फिरकीचं मीटर जुनं होत जातं तसं ते बहुधा मंद होतं. गाळ बसतो, दाते झिजतात, बारीक धारेला ते हलेनासं होतं. त्यामुळं बंद पडत आलेलं मीटर बदलून नवं बसवलं की बिल वाढतं आणि लोक नव्या मीटरला शिव्या घालतात. आधीची काही वर्षं थोडं पाणी फुकटात मिळत होतं, हे कुणी बोलत नाही. तरी शंका असेलच तर घरच्या घरी पारख करता येते. नळ पूर्ण दाबानं सुरू असताना वीस लिटरच्या दहा बादल्या भरायच्या, आधीचं आणि नंतरचं वाचन लाल काट्यासकट लिहायचं. २०० लिटरच्या आसपास, दहा लिटर इकडंतिकडं, फरक निघाला तर मीटर ठीक. दोनशेच्या जागी २३० दाखवत असेल तर मीटर तपासणीचा अर्ज करायला कारण आहे.

पण एक मात्र खरं. आपल्याकडचं मीटर पाण्यासोबत हवाही मोजतं. पाच दिवस कोरडी पडलेली लाइन म्हणजे हवेनं भरलेली नळी. पाणी सुटलं की ते पुढची हवा ढकलत येतं आणि नळातून पहिल्यांदा सूं सूं असा आवाज येतो. तो आवाज येत असतो तेव्हा मीटरची फिरकी गरागरा फिरत असते. आपल्या घरच्या अर्ध्या इंची पाइपात हवा फार नसते. तीस मीटर पाइपात जेमतेम पाच लिटर. पण गल्लीतल्या चार इंची लाइनीचा हिशोब करा. तीनशे मीटर लाइनीत साधारण २,३५० लिटर हवा मावते, आणि ती ज्याचा नळ आधीपासून उघडा असतो त्याच्याच मीटरातून बाहेर पडते. गल्लीच्या टोकाला किंवा चढावर घर असेल तर आणखीच. उपाय एकच. मीटरच्या अलीकडचा कॉक रात्रीच बंद करून ठेवायचा, आणि पाणी आल्याची गडबड सुरू झाली की पाच-दहा मिनिटांनी उघडायचा. तोवर हवा दुसरीकडून निघून जाते. दुसरीकडून म्हणजे शेजाऱ्याच्या मीटरातून, हेही उघडच आहे, त्यामुळं हा उपाय सगळ्या गल्लीनं केला तर काय होईल ते मी सांगत नाही. खरं तर लाइनीच्या उंच जागी एअर व्हॉल्व हवा, आणि तो बसवणं पाणी सोडणाऱ्यांचं काम आहे.

लाइनीला थेट टिल्लू मोटर लावणाऱ्यांनी तर हवेबद्दल बोलूच नये. पाणी संपत आलं की मोटर उरलेली हवा ओढते, मीटर तीही मोजतं. शिवाय लाइन ओढल्यानं बाजूच्या गटारातलं पाणी फटीतून आत येतं, ते वेगळंच. आणि मोटर सापडली तर जप्त होते.

आता हौद. आत्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथंच होतं, आणि पाचव्या दिवशीच्या नळाच्या गावात गळती शोधायची जागाही हीच. तपासणीचे दोन भाग करायचे. एक नळ आलेल्या दिवशी, एक नळ नसलेल्या दिवशी.

नळ आलेले असताना मीटरपासून हौदापर्यंतचा पाइप तपासायचा. हौदाच्या तोंडाशी नळ किंवा कॉक असेल तर तो घट्ट बंद करा आणि मीटरवर जी छोटी त्रिकोणी किंवा चांदणीसारखी फिरकी असते ती बघा. अगदी थोडं पाणी चाललं तरी ती हलते. सगळं बंद असून ती फिरत असेल तर पाइप जमिनीत गळतोय, बहुधा अंगणातल्या फरशीखाली. त्याच दिवशी हौद भरून ओसंडतोय का, हेही बघायचं. नळ रात्री दोन वाजता येत असतील, हौदाला बॉल कॉक नसेल आणि घरचे झोपलेले असतील तर पाणी ओव्हरफ्लोनं नालीत जातं. सकाळी हौद काठोकाठ, सगळे खूश, आणि मीटरात हजार-दोन हजार लिटर जास्तीचे. दीडदोनशे रुपयांच्या बॉल कॉकनं हे थांबतं. आत्याकडं बॉल कॉक होता आणि चालूही होता.

नळ नसलेल्या दिवशी हौद तपासायचा. रात्री वरची टाकी भरून घेतली, मोटर बंद केली, हौदातून पाणी काढायचं नाही असं घरात सांगितलं, आणि दहा वाजता पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूनं रेघ मारली. सकाळी सहाला बघितलं तर पाणी रेघेच्या एक इंच खाली. एक इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. आत्याचा हौद आतून सहा फूट बाय पाच फूट, म्हणजे तीस चौरस फूट. त्यात एक इंच पाणी म्हणजे अडीच घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर धरले तर सत्तर लिटर. आठ तासांत सत्तर, दिवसाला दोनशेदहा, महिन्याला सहा हजार तीनशे लिटर. सहा युनिटांचा हिशोब जागच्या जागी लागला. आपल्या हौदाचं माप घेऊन हा हिशोब कुणालाही करता येईल. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले बारा, गुणिले अठ्ठावीस. एक इंचाचे लिटर निघाले.

भेग कुठं आहे हे शोधायची युक्ती मिस्त्रीनं सांगितली आणि ती फार आवडली. रोज रेघ मारत राहायचं. पाणी उतरत उतरत एका उंचीला येऊन थांबलं, तर भेग नेमकी त्या उंचीवर आहे. थांबलंच नाही, तळापर्यंत उतरत गेलं, तर तळाच्या कोब्यात किंवा तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात आहे. आत्याचा हौद तळाच्या कोपऱ्यात फुटला होता.

हौद असे फुटतात त्यामागं आपली काळी माती आहे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. शेतात आपण ते बघतोच, तेच अंगणाखालीही चालू असतं. दरवर्षी मातीनं असं दाबायचं आणि सोडायचं म्हटल्यावर विटांच्या हौदाला कधीतरी चीर जाणारच. म्हणून हौदाची तपासणी उन्हाळ्यात करावी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी त्याच भेगेतून उलटं आत येतं, पातळी उतरत नाही, आणि हौद चांगला आहे असं वाटतं. शिवाय ते पाणी आपण पितो.

वरच्या टाकीलाही रेघेची हीच परीक्षा. रात्री कुणी पाणी वापरलं नाही आणि टाकी उतरली, तर गळती घरातल्या पाइपात, नळात नाहीतर संडासाच्या फ्लशमध्ये. फ्लश हा सगळ्यात गुपचूप चोर, कारण त्याची गळती भांड्याच्या मागच्या बाजूनं बिनआवाज उतरते. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ चार थेंब टाका आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात निळं पाणी दिसलं तर आतला रबर बदला. एखादा बिघडलेला फ्लश दिवसाला चारशे लिटर घालवत असेल तर किती होतात? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींत, म्हणजे रेल्वेच्या टाकीवाल्या डब्यांत, पाच लाख लिटर पाणी होतं. एका वाघिणीत पन्नास हजार. हा फ्लश सव्वाशे दिवसांत तेवढी एक वाघीण रिकामी करतो. ठिबकणाऱ्या नळाखाली पाव लिटरचा पेला ठेवून घड्याळ बघा. दहा मिनिटांत भरला तर महिन्याला हजार लिटरच्या वर, म्हणजे एक युनिट. आणि छतावरची टाकी भरल्यावर मोटर बंद करायची राहिली, तर तासाला दोन हजार लिटर चढवणारी मोटर पाव तासात पाचशे लिटर पन्हाळीतून सोडून देते.

गळती नसताना वाढलेलं बिलही असतं. एप्रिल-मेमध्ये रात्रभर चालणारा मोठा कूलर चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर फेकतो, ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतं. पाहुणे, लग्न, सिमेंटवर पाणी मारणं, या गोष्टी आपल्यालाच माहीत असतात, फक्त बिल येतं तेव्हा आठवत नाहीत.

दर मुळातच जास्त वाटतात त्याचं कारण उंची. संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडीचं पाणी येतं. धरण पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट असते आणि शहर त्याच्यापेक्षा शंभर मीटरहून वर आहे. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला कागदावर पाव युनिट वीज लागते, पंपाची आणि पाइपातल्या घर्षणाची तूट धरली की अर्ध्या युनिटाजवळ जाते. धाराशिवला तर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीतून पाणी आणावं लागतं. याच संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळातली नहर डोंगराकडचं पाणी नुसत्या उतारावर शहरात आणत होती. तिला विजेचं बिल नव्हतं, पण तेव्हा शहरही केवढंसं होतं.

बिल चुकीचं आहे असं ठरलं की खिडकीवर जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. खिडकीवरच्या माणसाला फक्त रक्कम घ्यायचा अधिकार असतो, कमी करायचा नसतो. अर्ज लेखी द्यायचा. सोबत बिल, आधीच्या पावत्या आणि मीटरचा आजचा फोटो, आकडा स्वच्छ दिसेल असा. अर्जात हिशोब मांडायचा. "बिल जास्त आहे, कमी करावे" असं लिहिलं तर तो अर्ज फायलीत झोपतो. "सहा महिन्यांचे १४४ युनिट एका महिन्यात धरले आहेत, ते सहा महिन्यांत विभागून टप्प्याचा दर लावावा आणि सरासरीपोटी भरलेले ९७५ रुपये वजा करावेत" असं लिहिलं की समोरच्याला काहीतरी करावंच लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. जमल्यास खातेउताराही मागायचा. आपण भरलेली पावती दुसऱ्याच्याच ग्राहक क्रमांकावर जमा झालेली सापडते ती त्यातच.

आणि वादातली रक्कम सोडून जी मान्य आहे ती भरून टाकायची, "हरकत राखून भरत आहे" असं अर्जात लिहून. शास्ती चढत राहते ती निदान त्या भागावर तरी चढत नाही. उत्तर आलं नाही तर नगरपालिकेत मुख्याधिकारी, महापालिकेत आयुक्त, ग्रामपंचायतीचं असेल तर गटविकास अधिकारी. अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुनी थकबाकी मोठी असेल तर लोकअदालतीची किंवा शास्तीमाफीच्या अभय योजनेची वाट बघणारेही असतात. माफी मिळते ती बहुधा शास्तीत, मूळ रक्कम द्यावीच लागते.

आत्यानं ७३५ भरले. त्यातले ५४० हौदाच्या कोपऱ्यातून गेलेल्या पाण्याचे, हे तिला मी सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हंजे हौदानंच पिलं की." नळ यायच्या आदल्या दिवशी हौद उपसून मिस्त्रीनं कोपरा फोडला, वॉटरप्रूफिंगचा माल घालून पुन्हा गोलाई मारली. त्यानंतर ती नळ आले की दर वेळी सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्याशेजारी. चार हजारांच्या जागी आता तीन हजार लिटरच्या आसपास येतं.

पुढचं बिल परवा आलं. चालू मागणी १९५, बरोबर. पण खाली मागील थकबाकी २,५४०, शास्ती ५१, एकूण २,७८६. अर्ज मंजूर झाला होता, संगणकातला आकडा मात्र कुणी बदलला नव्हता. मी शर्ट घालायला लागलो, तर आत्यानं पिशवीत बिल, शिक्क्याची प्रत आणि कॅलेंडर घातलं होतं.

"तू नको येऊस," ती म्हणाली. "कुठं बोट ठेवायचं ते मला ठाव झालंय."